खालच्या टोलीले डोंगा नाई

पोहता येत नाई म्हनता? मंग हलू नका सर, बसूनच राहा. कॅमेरा गेला तो गेला, त्याच्यामागं वाकू नका — हातातून पडला नाई तो, मीच फेकला. आन् ओरडू नका, मधातल्या धारेतून आवाज काठाले जातच नाई, आम्हा ढिवरायले इचारा. माह्या हातातल्या बांबूकडे काऊन पाहता घडी घडी? डोंगा बांबूनंच चालते. मारशीन का म्हनता? माहीत नाई. सकाळपासून तेच ठरवून राह्यलो.

तुमचा तो अभ्यासक्रम — काय म्हनलं होतं — 'शैक्षणिक संशोधनाच्या पद्धती', एम.एड.वाल्यायसाठी, इंटरनेटवर. घरी बसल्या बसल्या शिकतीन पुन्या-नागपुरातली मास्तरं. चांगलं हाये. मी चौथी नापास, मले त्यात काय कळते? पन तुम्हीच समजावलं होतं मले, याच डोंग्यात, चिवडा खात खात. गावाच्या दोन टोल्या, दोन वस्त्या, शाळा नदीच्या पल्ल्याड. पावसाळाभर वरच्या टोलीच्या पोट्ट्यायले डोंगा द्यायचा, खालच्या टोलीले नाई द्यायचा, आन् दिवाळीले मोजायचं, कोनती पोट्टी शाळेत जास्त दिवस आली. वरचा तो प्रायोगिक गट, खालचा तो नियंत्रित गट — पाहा, पाठ हाये मले. चिठ्ठ्या तुम्ही टाकल्या आन् उचलाले मले लावलं, "म्हणजे पक्षपात नको, रोशन." मी उचलली, निघाली वरची टोली. मी राहातो खालच्या टोलीत! हासलो होतो आपन दोघंबी, आठवते?

घुग्घुसले ट्रकवर क्लीनर होतो मी, मस्त होतो. तुम्ही म्हनलं डोंगा चालव, मायजवळ राहाशीन — राह्यलो. एकच गोष्ट तुम्ही दहा वेळा सांगतली, "खालचं एक जरी पोर डोंग्यात बसलं तर सगळा अभ्यास बिघडेल." मी म्हनलं, बिघडू देत नाई. जिंदगीत पहिल्या वेळी कोनी शिकलेला मानूस मले काही सोपवून राह्यला होता. पहिले आमच्या टोलीची पोट्टी जो ढिवर निघंन त्याच्या डोंग्यात बसून जात, कोनी इचारत नव्हतं. तुम्ही तेबी बंद केलं, साऱ्यायले सांगून ठेवलं. मंग पोट्टी जात रपट्यावरून, त्या ठेंगन्या पुलावरून, दीड कोस फेरा मारून. रपट्यावरून पानी गेलं का घरीच बसत.

माही बहीन घरी राहनारी नव्हती. आचल. सातवीत होती, सर. तुमच्या वहीत नंबर हाये तिचा, खालची टोली, अकरा. त्या नंबरासमोर काय लिवलं तुम्ही, सांगा ना — मीच सांगतो, शाळेतल्या बाईनं वाचून दाखवलं मले — 'गळती'. म्हंजे शाळा सोडली! सोडली तिनं? रपट्यावरून वाहून गेली आन् दोन दिवसानं मुखरूकाकाच्या मासोळीच्या जाळ्यात भेटली ते शाळा सोडनं व्हय? बोला ना! — नका बोलू. तोंड उघडलं तर हा बांबू तोंडात घालीन, खरं सांगतो.

त्या सकाळी तुम्ही काठावर कॅमेरा लावून उभे होते. वरची पोट्टी बसली, गानं म्हनून राह्यली. आचल धावत आली. रपट्यावर पानी हाये म्हने, आज चाचनी हाये, दादा, मले घे ना. मी नाई म्हनलं. म्हने, खाली वाकून बसीन, तुया सरले दिसनारच नाई — आन् हासली. हट म्हनलं, तरी डोंग्याची कड धरून कमरेएवढ्या पान्यात चालत राह्यली संगं. मी तुमच्याकडे पाह्यलं. तुम्ही हात केला, असा. मले वाटलं, हाकल म्हनून राह्यले. नव्हतं म्हनलं? मंग काय म्हनलं होतं? माशी हाकलत होते?

मी हानला. बांबू. बोटावर. — कोनालेच नाई सांगतलं हे. एकदा नाई, दोनदा. पहिल्यानं सुटलीच नाई ती.

बोटं तोंडात घातली आन् रपट्याकडे चालू लागली. रडली असती तर घेतलं असतं मी. खरंच घेतलं असतं. — माय आंग धुताना म्हने, लेकीची नखं कशी काळी झाली पाह्य, नदीनं गोट्यावर आपटलं माह्या पोरीले. मी पानी वतत होतो. व्हय म्हनलं.

आन् आज तुम्ही आले शेवटचं शूटिंग कराले. म्हने, रोशन, कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोल, प्रयोगात काय अडचनी आल्या. अडचनी! त्या सकाळची फिलिम घरी हाये ना तुमच्यापाशी? कापली का? खरं सांगा. नाई ना? मंग ते लावा तुमच्या धड्यात. पुरं लावा — पोट्ट्यायचं गानं, तिचं धावनं, तुमचा हात, माहा बांबू, दोन्ही वेळा. हजार मास्तरं पाहतीन, लाख पाहतीन, पाहू द्या माह्या तोंडासगट. आन् अकरा नंबरासमोर गळती नाई, 'मारली' लिवा. कोनी मारली तेबी लिवा. मान डोलवता? काठ दूर हाये म्हनून डोलवता तुम्ही. जमिनीवर पाय टेकला का इसरान. तरी डोलवा.

थांबा. ते कोन हाये काठावर? — माय हाये. किटली घेऊन आली. सर आले म्हनून कोनी सांगतलं असंन तिले, तर चहा केला.

तोंड पुसा सर, काठाले घेतो डोंगा. हा घ्या दुपट्टा, पुसा. कॅमेरा तुमच्याच हातून घसरला म्हना. आन् बोटाचं — बोटाचं तिले काही बोलू नका, पाया पडतो तुमच्या. साऱ्या दुनियेले दाखवा, तिले नाई. ती इचारंन, एवढा वेळ मधात काय करत होते दोघं, तर काहीबी सांगा, तुम्ही शिकलेले मानसं. लागला डोंगा. चहा प्या आन् जा, पुन्हा या टोलीत दिसू नका.

उतरा. हासून उतरा, माय पाहून राह्यली.