बेसन वाढलंय

मंडळी, बसा. पुढे सरका, मागे बाया उभ्या आहेत. पेटीवाले दादा, सूर जरा खालचा द्या, माझा गळा आता सत्तरी ओलांडलेला आहे.

त्या विठूरायाला हात जोडून आज एकच प्रश्न विचारते. सोपा आहे. घर भरलेलं आहे, हे कशावरून ओळखायचं?

कोण म्हणालं, डबे बघून? बरोबर. पण बाई, डबे *बघून* म्हणजे कसे बघून? फळीवर रांगेत चकचकीत उभे आहेत, एवढं बघून? की झाकण उघडून? इथंच तर सगळी मेख आहे.

झाकला डबा, झाकलं मन,
उघडल्याविना कळेना धन.

म्हणा माझ्यामागे. पुरुषांनो, तुम्हीही म्हणा, लाडू तुम्हीही खाता!

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. प्रत्येकीच्या डोक्यात यादी सुरू झाली आहे, मला इथून दिसते आहे. ती बघा, तिसऱ्या रांगेतली, देवाकडे बघते आहे आणि मनात पोहे मोजते आहे. मोज, देव रागावत नाही. म्हणून आजचं आख्यान पुराणातलं नाही. खटाव तालुक्यातल्या एका घरातलं आहे. गावाचं नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्ही घर शोधत जाल, आणि ती माणसं मला पुन्हा लाडू द्यायची नाहीत.

तर ऐका. त्या घरात सुभद्राबाई म्हणून सासू. हाताला चव अशी, की बेसनाचा लाडू तोंडात ठेवला की माणूस बोलायचा थांबतो. सासरे नाना, पेन्शनर. मुलगा श्रीपाद. आणि सून हेमांगी, बडोद्यात वाढलेली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण नवराबायको परगावी राहत. श्रीपादची बदली झाली आणि गणपतीत दोघं गावच्या घरी आली. म्हणजे सासूसुनेनं एका स्वयंपाकघरात राहायला लागून दिवाळीपर्यंत दोन महिने होत होते. दोन महिन्यांत भांड्यांच्या जागा कळतात हो, माणसं कळायला वेळ लागतो.

दसरा झाला आणि सुभद्राबाईंनी सुनेला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "हेमांगी, यंदाची दिवाळी तुझी. चिवडा तुझा, चकली तुझी, शंकरपाळी तुझी. मी फक्त लाडू वळीन. तेवढे मला ठेव."

काय वाटलं असेल त्या पोरीला! तीन वर्षं दिवाळीत पाहुण्यासारखी येत होती. आज घराची किल्लीच हातात आली की. तिनं मनाशी ठरवलं, ही दिवाळी अशी करायची, की आईंनी म्हणावं, हे घर आता हिचंही आहे.

आणि पोरगी हुशार बरं का. वाया घालवणं तिला खपत नसे. मागच्या वर्षी त्या घरात शेवेला खवट वास येऊन दोन डबे गायीपुढे गेले होते. गायीनंसुद्धा तोंड फिरवलं होतं. म्हणून हिनं आधी डोकी मोजली. घरात किती, येणार किती, कुणाकडे ताट पाठवायचं. मग पदार्थ, मग सामान. आम्ही लहानपणी दुकानात जायचो तेव्हा वाणी विचारायचा, "आईनं काय काय सांगितलंय?" आणि तेवढंच पुड्यांत बांधून, वर दोरा गुंडाळून द्यायचा. यादीबाहेरचं काही घरात येतच नसे. आता दुकानातच गाडी देतात ढकलायला, आणि गाडी रिकामी राहिली तर आपल्यालाच लाज वाटते!

वही-पेन्सिल घेऊन हेमांगी सासूपाशी बसली.

"आई, पोहे?"

"पोहे आण. पातळ आण, जाड नको."

"साखर?"

"आहे. पुरेल."

"चणाडाळ? भाजणीला लागेल."

"आण, चांगली दोन किलो आण."

"रवा?"

"रवा वाढलाय."

"बेसन?"

"बेसनही वाढलंय."

हेमांगीनं रवा आणि बेसन, दोन्हींवर काट मारली.

बघा, पुढच्या रांगेतल्या आज्या हसल्या! त्यांना कळलं. मागच्या मुलींना नाही कळलं. पोरींनो, आमच्या घरांतून "संपलं" म्हणायची सोय नव्हती. सात वर्षांची असताना मी ओरडत माजघरात गेले, "आई, मीठ संपलं." आईनं असा चिमटा काढला, की दंडावर दोन दिवस खूण होती. म्हणाली, "लक्ष्मीच्या घरात संपलं म्हणतात का? वाढलं म्हणावं." तांदूळ वाढले, तेल वाढलं. म्हणजे डबा रिकामा!

आता बडोद्यात वाढलेल्या पोरीला हे कोण सांगणार? तिच्या हिशेबी वाढलं म्हणजे उरलं, जास्त झालं. सासूनं सांगितलं, बेसन नाही. सुनेनं ऐकलं, बेसन भरपूर. एकच शब्द हो. दोघीही खरं बोलल्या, दोघींनीही नीट ऐकलं, आणि घात झाला.

उठता उठता हेमांगीनं विचारलं, "आणि आई, तुमच्यासाठी काय आणू?"

"मला काय गं. माझं सगळं भरलेलं आहे."

हे वाक्य पदराला गाठ मारून ठेवा. पुढे लागणार आहे.

मंगळवारी, गर्दी नसताना, नवराबायको दुकानात गेली. जाण्याआधी हेमांगीनं श्रीपादला पोटभर जेवू घातलं. का? भुकेला माणूस दुकानात नेला, की तो यादी वाचत नाही, पाकिटं वाचतो. तरीही या पठ्ठ्यानं शेवेची पाकिटं उचललीच. एकावर एक फुकट.

"अहो, घरात एवढा फराळ करणार आहोत आपण."

"अगं, पण फुकट आहे."

"एक फुकट आहे. दुसऱ्याचे पैसे आहेत. आणि खाणार कोण?"

"मी."

"मागच्या वर्षीही तुम्हीच खाणार होतात. शेवटी गाय बोलवावी लागली."

ठेवली बिचाऱ्यानं. यादीतलं सगळं घेतलं, यादीबाहेरचं काही नाही. हेमांगी पिशव्या घेऊन घरी आली ती अशी खुशीत, की रिक्षात गाणं गुणगुणत होती. पहिल्याच परीक्षेत पहिला नंबर!

वसुबारशीचा आदला दिवस उजाडला. सकाळी सुभद्राबाईंनी कढई घासूनपुसून ठेवली. तूप काढलं. पाटावर बसल्या, पदर खोचला आणि बेसनाचा डबा पुढे ओढला. झाकण उघडलं.

आत काय? तळाला चिमूटभर पीठ आणि वाटी.

"हेमांगी, बेसन कुठं ठेवलंस?"

"डब्यात असेल ना, आई."

"डब्यात कसं असेल? तू आणलंस का?"

"नाही. तुम्हीच म्हणालात ना, वाढलंय."

"म्हणाले तर. वाढलंय म्हणून सांगितलं, तरी आणलं नाहीस?"

"वाढलंय म्हणूनच तर आणलं नाही."

अरे देवा! ऐकलंत? आता सासूच्या कानानं ऐका. "संपलंय म्हणूनच आणलं नाही." केवढा उर्मटपणा! सगळं स्वयंपाकघर हिला दिलं, लाडू तेवढे मागून घेतले, तर तेही हिला नको झाले. आणि सुनेच्या कानानं ऐका. भरपूर आहे असं स्वतःच सांगायचं, डबा रिकामा दाखवायचा आणि वर जाब विचारायचा. तिला वाटलं, किल्ली हातात दिली ती मला नापास करायलाच.

सुभद्राबाई उठल्या. "राहू दे. पाकिटातले लाडू मिळतात हल्ली. तेच आणा. माझ्या हातचं कुणाला हवंय."

झालं. एक स्वयंपाकघर आणि दोन अबोले. ताटली ठेवली तरी आवाज, पळी ठेवली तरी आवाज. नाना ओसरीवर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. एकीची बाजू घेतली तर दुसरी चहा देणार नाही, हे चाळीस वर्षांचं शहाणपण. श्रीपाद हळूच म्हणाला, "मी दुकानातून घेऊन येऊ का बेसन?" तर दोघी एकदम म्हणाल्या, "काही गरज नाही." तेवढ्यापुरतं मात्र दोघींचं एकमत.

हेमांगी शंकरपाळ्यांचं पीठ मळायला बसली. डोळे भरून येत होते. डोळे पुसावेत तर हाताला मैदा. तिच्याकडे पाठ करून सासू खलबत्त्यात वेलदोडे कुटत होती. वेलदोडे कसले, राग कुटत होती! ठण, ठण, ठण. आणि एकदम खळ्ळ.

"अगंबाई," सुभद्राबाई म्हणाल्या, "बांगडी वाढली."

हेमांगीनं वळून बघितलं. फरशीवर हिरव्या काचेचे तीन तुकडे.

तिनं तुकड्यांकडे बघितलं. सासूच्या मनगटाकडे बघितलं. तिथं एक बांगडी कमी झाली होती.

"आई, काय म्हणालात?"

"बांगडी वाढली म्हटलं. पाऊल जपून टाक, काच लागेल."

"वाढली? पण ती तर फुटली."

"सणाचं फुटली म्हणू नये गं. वाढली म्हणावं."

हेमांगी पिठाच्या हातांनीच सासूसमोर जाऊन बसली. "आई, बेसनही असंच वाढलं होतं का?"

मग सुभद्राबाईंनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं, तुकड्यांकडे बघितलं, फळीवरच्या डब्याकडे बघितलं. "म्हणजे तुला वाटलं, की बेसन..."

"उतू चाललंय."

मग जे हसू फुटलं म्हणता! नानांचं वर्तमानपत्र खाली पडलं. सासू हसता हसता रडते आहे, सून रडता रडता हसते आहे, आणि दारात श्रीपाद विचारतो आहे, "आता आणू का बेसन?"

"नको," सुभद्राबाई म्हणाल्या. "चणाडाळ आणली आहे ना हिनं चांगली दोन किलो? भाजणीची बाजूला काढा. उरलेली मंद भाजू आणि गिरणीतून जाडसर दळून आणू. माझी सासू असंच करायची. तयार पीठ कुठं होतं तेव्हा?"

आणि मंडळी, भर दिवाळीच्या गर्दीत सासूसून दोघी एका डब्याला दोन्हीकडून धरून गिरणीच्या रांगेत उभ्या राहिल्या. दळण नाकाशी नेऊन सुभद्राबाई म्हणाल्या, "हा वास मी विसरले होते." रव्याचे लाडू यंदा झालेच नाहीत. कुणाला आठवलेही नाहीत.

संध्याकाळी लाडू वळायला बसल्या तेव्हा हेमांगीनं विचारलं, "आई, रिकामं झालं तरी वाढलं का म्हणायचं? अपशकुन नको, एवढंच?"

सुभद्राबाई लाडवावर बेदाणा दाबत म्हणाल्या, "मला माझ्या सासूनं वेगळं सांगितलं होतं. ती म्हणायची, डब्यातलं पीठ गेलं कुठं? कुणी चोरलं का? नाही. कुणाच्या तरी पानात वाढलं. मग संपलं कसं म्हणायचं? वाढलं, हेच खरं."

काय बोलली हो ती माउली! आम्ही जन्मभर कीर्तनं केली, आणि इतकं सांगायला आम्हाला दोन तास लागतात.

पण थांबा. पदराची गाठ सोडा आता. हेमांगी हुशार पोरगी, म्हटलं ना. तिनं हातातला लाडू ताटात ठेवला आणि म्हणाली, "आई, एक विचारू? तुम्ही म्हणाला होतात, माझं सगळं भरलेलं आहे. त्याचा अर्थ काय समजू?"

सुभद्राबाईंचं वळणं थांबलं. लाडू नुसता या हातातून त्या हातात. मग अगदी हळू म्हणाल्या, "गुडघ्याला लावायचं तेल वाढलंय गं. गणपतीपासून."

दोन महिने. बाई दोन महिने दुखरे गुडघे घेऊन पाटावर बसत होती, उठत होती. आणि तेलाची बाटली? फळीवर, झाकण लावून, डब्यांच्या रांगेत, भरल्यासारखी उभी!

हेमांगीनं हात धुतले, वही काढली आणि कोऱ्या पानावर सगळ्यात वर लिहिलं, आईंचं तेल.

तर मंडळी, घर भरलेलं कशावरून ओळखायचं? मिळालं उत्तर? आता इथून घरी जाल, याद्या करायला बसाल. करा. डोकी मोजून करा, जेवून दुकानात जा, फुकटाला भुलू नका. पण आधी एकेका डब्याचं झाकण आपल्या हातानं उघडा. कुणी "आहे" म्हटलं, "वाढलंय" म्हटलं, त्यावर जाऊ नका. आणि डबे झाले, की घरात एक माणूस असेल, कोपऱ्यात, "माझं काय, माझं सगळं आहे" म्हणणारं. आहे ना प्रत्येकाकडे? मान खाली घातलीत, म्हणजे आहे. त्याच्यापाशी जाऊन बसा. त्याचंही झाकण उघडून बघा. आणि त्याचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा, बेसनाच्याही वर.

झाकला डबा, झाकलं मन, उघडल्याविना कळेना धन. म्हणा, आणि म्हणत म्हणतच घरी जा. प्रसादाला लाडू आहेत. ज्याला पुरले नाहीत, त्यानं संपले म्हणायचं नाही.

काय म्हणायचं?