सारख्याच वजनाचे दोन

दवाखान्यात माझ्या शेजारी एक तरुण बाप आणि त्याची मोठी बहीण बसली होती. तिच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता.

“ताई, डॉक्टर म्हणतात, रक्ताच्या रिपोर्टमध्ये आजार दिसतोय, बाळाचं औषध आजच सुरू करू.”

“आधी ऐक. यंत्र रक्तातल्या पदार्थांचं वजन मोजतं. इथे सारख्याच वजनाचे दोन पदार्थ आहेत. रिपोर्टमध्ये दोन्ही एकच धरलेत, म्हणून आजाराचा आकडा फुगलेला असू शकतो.”

“हे तुझं ते फुकटचं सॉफ्टवेअर सांगतं?”

“फुकटचं नाही रे, खुलं. आतलं सगळं दिसतं, कुणीही तपासावं.”

“आणि तूच चुकली असशील तर?”

“म्हणून तर बाळाचं नाव न सांगता आकडे दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले. त्यांनाही एक नाही, दोन पदार्थ दिसले.”

“म्हणजे बाळ ठणठणीत आहे?”

“तसं मी म्हणणार नाही. रक्त पुन्हा तपासा, एवढंच म्हणते.”

“तोवर काही झालं तर?”

“तर मी कुणाला तोंड दाखवू?”

“तुझ्या तोंडाचं काय घेऊन बसलीस! पोर माझं आहे!”

“मीही आत्या आहे त्याची.”

आतून हाक आली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

“बसलीस काय? चल आत. हे सगळं मला नाही सांगता येणार.”