नव्या लॅपटॉपात वाहिदचा तबला

या, अशा जवळ सरका. कानावर पडलं ते जसंच्या तसं सांगतो. आर्णीच्या कॉम्प्युटर दुकानात शकुबाई झेरॉक्ससाठी थांबली होती. तिच्या पुढे कीर्तनकार बापूजी नवा लॅपटॉप घेऊन दुकानदार जीशानसमोर बसले होते.

"जीशान, याच्यात वाहिदचा तबला काहून वाजून नाही राह्यला? जुन्यात तं वाजे."

"बापूजी, नव्याचा प्रोसेसरच वेगळा हाय. जुना प्रोग्राम जे बोलते, ते याले समजत नाही."

"मंग दुसरा प्रोग्राम टाक."

"त्यात तबला येईन, पण वाहिदचाचाचा नाही. त्यायनं वाजवून ठेवलेलं या जुन्या प्रोग्रामातच उघडते."

"मंग नको. माह्या साथीचा तबलजी होता तो, वारला तवापासून मी दुसऱ्या ठेक्यावर उभा नाही राह्यलो."

"थांबा. मधात एक दुभाषी प्रोग्राम बसवला. जुन्याचं बोलणं तो नव्याले सांगन."

"मुकुटबनच्या बाजारात कोलामी बोलीचं मराठी करून सांगतात, तसा?"

"तस्साच. दाबा आता."

"काही नाही वाजत, बाबू."

"सारं समजून घेऊन राह्यला तो. पहिल्यांदा वेळ लागते."

"वाहिद बी असाच. मी अभंग धरला तरी हा सूर लावायले हातोडीनं तबला ठोकत बसे. लोक हसत."

"आला, बापूजी! ऐका."

"हाच वाहिदचा हात! धरतो मी टाळी."

"मावशी, तुमची झेरॉक्स द्या."

"राहू दे रे. हे होऊ दे अगोदर."

कधी कीर्तनात टाळी धराल, तेव्हा त्या वाहिदची आठवण असू द्या, बाप्पा.