डबीतली गोगलगाय

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या.

"डबी उघडलीस?"

"हो, बाबा."

"खोल समुद्रातली गोगलगाय ती, मोहरीएवढी. नवीच जात. तशी दुसरी सापडली की जातीला नाव देऊ म्हणत जन्म घालवला. आता डोळेच गेले."

"एकीवरूनच देऊ. वर्णन सांगा, लिहिते."

"शंखाला वेढे किती?"

"पाच. तुम्ही म्हणायचात तसे."

"लाकडी खणातून काढ म्हटलं होतं. लाकडातल्या आम्लानं शंखाचं पीठ होतं. काढलीस ना?"

"तेव्हाच काढली, बाबा."

शिंपीणबाईंनी डोकावून पाहिलं. डबीत त्यांच्या खडूसारखी कणभर पांढरी भुकटी होती.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला.

"दे, तळहातावर ठेव जरा."