नुसती मान हलवली

...आणि वर मलाच सांगत्यात, "सर, एवढं काय मनाला लावून घेताय?" आता मनाला न्हाय तर काय गुडघ्याला लावून घेऊ? तुम्हाला सांगतो, मी कृष्णात, कॉलेजात खेळाचा मास्तर, बारा वर्षं बास्केटबॉल शिकवतोय, आणि बारा वर्षांत संघप्रियासारखी पोरगी एकच मिळाली. कसबा बावड्याची. बाप साखर कारखान्यात हंगामी, म्हंजे धुराडं पेटलं की पगार, विझलं की घरात. आणि पोरगी उडी अशी मारायची की बास्केटच खाली वाकतंय का काय, असं वाटायचं!

दिवाळीत इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यानं लीग भरवली. संघप्रिया आली, "सर, खेळू का? धा हजार देत्यात. आईच्या मोतीबिंदूचं आपरेशन करायचं हाय." मी म्हनलं, "जा की! इचारतीस काय?" मीच म्हनलं हो! पोरगी गेली, जिंकली, आणि त्या शहाण्यानं दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक तिच्या हातात देऊन फोटो काढला, पेपरात छापला! अरे, पाकिटात घालून द्यायचं की गुपचूप!

जानेवारीत कॉलेजाकॉलेजांच्या मॅचा लागल्या. फॉर्मवर लिवलेलं, 'खेळाडू हौशी आहे, खेळून पैसे घेतलेले नाहीत.' सही तिची, पण फॉर्म भरला कुणी? मीच! सेमीफायनलला समोरच्या संघाचे अण्णासो सर हरले आणि खिशातनं घडी केलेला तो फोटो काढला. बसली समिती! तिघं मेंबर, तिघांनाबी भत्ता. पंचाला मानधन, मला पगार, मांडववाल्याला भाडं... फुकट कोण? जी पळती ती! पण हे मी तिथं बोललो का? छ्या!

अध्यक्ष म्हनाले, "सर, तुम्हाला कल्पना होती?" आणि मी... खोटं बोललो न्हाय हो, तोंडच उघडलं न्हाय. नुसती मान हलवली. अशी. आडवी.

संघप्रियानं माझ्याकडं बघितलं. म्हनलं, संपलं, आता ही सांगणार! आणि ती काय म्हनाली? "सरांना ठावं नव्हतं. मी न सांगता गेलतो."

संघाला ठेवलं, पोरगी एक वर्ष बाद. फायनल आमी बावीस पॉइंटांनी हरलो. ती वर गॅलरीत बसून टाळ्या वाजवत होती... आमच्यासाठी!

घरी गेलो. बायकोला, प्रियदर्शनीला, सांगितलं. म्हनली, "मग खोटंच बोललासा की." "बोललो न्हाय गं, नुसती मान हलवली!" "व्हय? आणि ती मान काय भाड्यानं आणलेली?"

चार दिवस कसेबसे काढले. कुणी नमस्कार केला तरी टोमणा वाटायचा. शेवटी बावड्याला गेलो. दारात तिची आई पारूबाई, डोळ्यावर हिरवी पट्टी, झालेलं आपरेशन. "या सर, या! तुमच्यामुळं पोरीला धीर हाय बघा!" तुम्हाला सांगतो, मेलोच की मी तिथं, उंबऱ्यात!

संघप्रियाला म्हनलं, "चुकलो पोरी. पण मी नुसती मान..."

"सर," ती म्हनली, "आता ती हलवू नकासा. लिवून द्या."

दिलं! तिथंच बसून, तिच्याच पेनानं. 'मला माहीत होतं, मीच पाठवलं.' वाटलं, हिची बंदी उठंल. समितीनं पत्र वाचलं, माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, तिची बंदी तशीच ठेवली, आणि मलाबी वर्षभर संघ न्यायला बंदी घातली! कौतुक कशाला केलं मग? चवीला?

आता पोरगी दर रविवारी लीग खेळती, पैसे घेऊन, उजळ माथ्यानं. बादच केलंय म्हटल्यावर भ्यायचं कुणाला? आणि तिचा सराव कोण घेतंय? मी. पहाटे पाचला. काल म्हनली, "सर, तुमीबी कायतरी घ्या की."

म्हनलं, "नको गं. मला घ्यायचं तोंड हाय का?"

तशी हसली. "ऱ्हाऊ दे मग. तेवढाच अख्ख्या कॉलेजात एकतरी खरा हौशी माणूस शिल्लक ऱ्हाईल!"