तिसरा थर्मामीटर

दुकानात वस्तू परत करायच्या रांगेत माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते, दोघंही साठी ओलांडलेले. भावाच्या हातात थर्मामीटरचा खोका होता, बहिणीच्या काखेत जुनी जाडजूड वही.

“हा तिसरा परत करतोय, ताई! तिसरा! म्हणे हवा तापत चाललीये. अगं, यांची यंत्रंच धड नाहीत आणि त्यांच्या जोरावर हे शास्त्रज्ञ जगाला घाबरवतात!”

“हळू बोल रे, लोक बघतायत.”

“बघू देत! उघड ती वही. नानांनी चाळीस वर्षं रोज दुपारी दोनला, परसातल्या त्याच खिळ्यावरच्या थर्मामीटरचा आकडा लिहिला. अंगात ताप असला तरी उठून लिहिला! या महिन्यात पारा छत्तीसच्या वर गेलाय कधी? सांग!”

“दोनदा गेलाय. दोन्ही वेळा त्यांनी लाल शाईने लिहिलंय.”

“चाळीस वर्षांत दोनदा! आणि हे दिवटे त्याच खिळ्यावर रोज एकोणचाळीस दाखवतात!”

“तिन्ही?”

“तिन्ही! एकाला झाकावा, दुसऱ्याला काढावा!”

“मग नानांचाच जुना लावून बघायचास.”

“लावला की.”

“किती दाखवतो?”

“तो आता म्हातारा झालाय गं, त्याचं काय घेऊन बसलीस!”

“किती?”

“एकोणचाळीस.”

“पुढे या, काका,” काउंटरवरच्या मुलाने हाक मारली. “काय बिघाड आहे यात? फॉर्मवर लिहावं लागतं.”

“लिहा, आमच्या वडिलांच्या वहीशी जुळत नाही.”