टोचलेलं लिंबू

—नाही हो साहेब, गिमलेट नको, त्यात कॉर्डियल, म्हणजे लिंबाचा गोड पाक पडतो, आणि तुम्ही तर आल्या आल्या म्हणालात, गोड सोडून काहीही द्या, पण कडक द्या. मग पिंक जिन घ्या. बसा, बसा, सारखे दाराकडे काय बघताय? भर दुपारी नौपाड्यातल्या परमिट रूममध्ये कोण येतंय? मी दामाजी, चेंदणी कोळीवाड्यातला. आधी मुंबईला एका क्लबात होतो, तिथे म्हातारे इंग्रज हेच मागायचे. हे बघा — ग्लासात ह्या बिटर्सचे, ह्या कडू अर्काचे, थोडे थेंब, आमच्या वाड्यातला एक जण बोटीवर आहे, तो आणतो बाटली — ग्लास असा फिरवायचा, काचेला सगळीकडे लागलं पाहिजे, आणि मग? मग ओतून टाकायचं. हो, टाकायचं! कडूपणा तेवढा मागे राहतो. वरून गार जिन. साखर नाही, सोडा नाही. ड्राय मार्टिनीही कडकच, पण तिच्यात जिनबरोबर पडते ती वाइन इथे ठाण्यात कुठली मिळायला? आता फक्त लिंबाची साल पिळायची — च्यायला, लिंबं संपली वाटतं. थांबा, शेजारून आणवतो — काय? तुमच्याकडे आहे? खिशात लिंबू घेऊन फिरता? वा, द्या की.

...हे टोचलेलं आहे.

नाही, चालेल, साल तर काढायची. काढतो. हात बघू जरा — सहज हो. एवढ्या उकाड्यात बाह्या मनगटापर्यंत खाली, म्हणून म्हटलं. नखं पिवळी आहेत तुमची. नखं पिवळी आहेत तुझी! कट्यारीच्या टोकाचं लिंबू ना हे? नवरदेवाच्या कट्यारीचं? आणि कट्यार कुठेय? घरी टाकून आलास, लिंबू तेवढं खिशात राहिलं. हळद लागलेल्या नवऱ्याने एकट्याने वेस ओलांडायची नाही, हे कुणी सांगितलं नाही तुला? कुठला तू? माजिवड्याचा. आणि नवरी? कोपरची. मुहूर्त? गोरज. म्हणजे आजच — म्हणजे वऱ्हाडाचा ट्रक तुझ्या दारात उभा आहे, बँडवाले घामाघूम, तुझी आई घरभर शोधतेय, आणि तू इथे स्टुलावर. हात लावू नकोस ग्लासाला! झालं नाही ते अजून.

नाव काय तिचं? — शकू. बरं. माझ्या बहिणीचं गोदा. दारात मांडव होता, हळद लागली होती, मुहूर्त टळला तरी नवरा येईना. बापाने मला धाडलं. ठाण्यातला एकेक बार, एकेक गुत्ता पालथा घातला मी — कुणी म्हणे आत्ताच गेला, कुणी म्हणे आलाच नाही — खोटं बोलत होते रे, गिऱ्हाईक कोण घालवतंय! घरी आलो तर गोदा मोरीत बसून राखेने हात घासतेय. हळद अशी निघते का? आई म्हणतेय, राहू दे गं, राहू दे, आणि ही घासतेय, कातडी सोलवटली तरी घासतेय. आज बाजारात मासे विकते, हसते, भांडते, सगळं करते. पण वाड्यात कुणाची हळद असली की दार लावून घेते. मी बाहेरून हाक मारतो, ती ओ देत नाही — तुला काय सांगत बसलोय मी! काही नाही, डोळ्यात लिंबू उडालं.

ऐक. लग्न कर असं म्हणत नाही मी. मनात नसेल तर नसेल. पण जाऊन सांग. तिच्यासमोर उभा राहून, तुझ्या तोंडाने सांग. लोक मारतील? मारतील. खा मार. पण तिला वाट बघायला लावू नकोस. त्या दिवशी गोदाच्या नवऱ्यालाही कुणीतरी ग्लास भरून दिला असेल — नीट पुसून, बर्फ घालून, अगदी माझ्यासारखा कुणीतरी — आणि विचारलं असेल, साहेब, गोड चालेल की कडक?

मी नाही देणार. हे बघ, ओतलं. सगळं ओतलं. पाकीट ठेव आत. हे लिंबू घे, साल थोडी निघालीय, कुणी विचारलं तर दामाजीने काढली म्हण. बाहेर रिक्षा आहे. ऊठ.

अरे बघतोस काय माझ्याकडे? ऊठ ना!